सुकाणू नेव्हिलकडे

हेझल सग्डन लॉकच्या दरवाजाला पाठ लावून ढकलत होती आणि दरवाजा ढिम्म हलत नव्हता. बुटांच्या टाचा विटांच्या खाचेत रोवून ती जोर लावत होती. खाली हौदात बोट होती, बोटीच्या मागच्या टोकाला सुकाणू, आणि सुकाणूला टेकून तिचा नवरा नेव्हिल उभा होता, हातात चहाचा मग घेऊन.

"पाणी सारखं झालं नाही अजून," तो खालून म्हणाला. "उगाच कशाला कंबर मोडून घेतेस?"

हे त्याने सांगायची काही गरज नव्हती. गेली तीसेक वर्षं दर सुट्टीत कालव्यावरचे दरवाजे हेझलच उघडत आली होती आणि पाणी कधी सारखं होतं ते तिच्या पाठीला बरोबर कळायचं. ती जरा आधीपासून जोर लावत होती एवढंच, कारण तिला त्या दिवशी कुठेतरी जोर लावायलाच हवा होता.

लॉक म्हणजे कालव्याची पायरी. बोट हौदात घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या झडपा उघडून पाणी सोडून द्यायचं. पाणी उतरलं की बोट उतरते, मग पुढचे दरवाजे उघडायचे आणि बाहेर पडायचं. झडपा फिरवायला लोखंडी हँडल लागतं आणि दरवाजे उघडायला अंगात ताकद लागते. दोन्ही हेझलने आणायचं. नेव्हिलने बोट आत घ्यायची आणि बाहेर काढायची. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याही कालव्यावर जा, हेच दिसेल. नवरा बोटीवर, बायको दरवाजावर. असा नियम कोणी केलेला नाही, पण मोडलेलाही कोणी बघितलेला नाही. जो वजनाने दुप्पट त्याने उभं राहायचं आणि जी निम्मी तिने ढकलायचं, यात काही चुकतंय असं एकाही पुरुषाच्या डोक्यात येत नाही, आणि बायका एकमेकींकडे बघून डोळे फिरवतात आणि पुढच्या लॉककडे चालू लागतात.

दरवाजा शेवटी हलला. नेव्हिलने मग छपरावर ठेवला आणि बोट ऐटीत बाहेर काढली.

सुट्टीच होती ही, पण नुसती सुट्टी नव्हती. नेव्हिलने उभा जन्म बसच्या डेपोत काढला होता. कुठली बस किती मिनिटं उशिरा आली यावरून लोकांच्या शिव्या खाऊन खाऊन त्याला आता आयुष्यात फक्त हळू जायचं होतं. स्किप्टनचं घर विकायचं, त्याचा चुलतभाऊ रॉडनी याची ही बोट घ्यायची आणि उरलेले दिवस पाण्यावर राहायचं, हे त्याने ठरवून टाकलं होतं. रॉडनीने बोट दोन आठवडे वापरायला दिली होती, बघा म्हणाला, जमतंय का. घराला गिऱ्हाईकही मिळालं होतं, एक तरुण जोडपं. आता फक्त हेझलने हो म्हणायचं बाकी होतं.

हेझलने नाही म्हटलं नव्हतं. तिची बहीण घरासमोर राहत होती, परसात तिने स्वतः लावलेला आंबट ऱ्हुबार्बचा वाफा होता, शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढून वाढून निवृत्त झाल्यावर आत्ता कुठे तिला स्वतःच्या ओट्याशी निवांत उभं राहायला मिळत होतं. तरी तिने नाही म्हटलं नव्हतं. तिचं ठरलेलं वाक्य होतं, "माझं काही नाही, तू म्हणशील तसं." मनात मात्र एक अट घालून ती बसली होती. नेव्हिलने आपणहून एकदा सुकाणू तिच्या हातात द्यावं. दिलं तर घर गेलं तरी चालेल. नाही दिलं, तर उरलेलं सगळं आयुष्य हे असं दरवाजे ढकलण्यात जाणार, मग सुट्टी संपून घरी जायचीही सोय राहणार नाही.

ही अट तिने त्याला सांगितली का? छे. सांगून मिळालं तर त्यात काय अर्थ, असं हेझलचं मत. तिच्या आईचंही हेच मत होतं आणि तिच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांचं हेच होतं. मागायचं नसतं, समोरच्याने ओळखायचं असतं. आणि समोरचा ओळखत नाही म्हणून जन्मभर धुमसायचं असतं.

खरं तर मे महिन्यात संधी येऊन गेली होती. दोघं दक्षिण फ्रान्सला गेले होते, कार्कासोनच्या बाजूच्या कालव्यावर, भाड्याची बोट घेऊन. तिथे लॉकवर माणूस नेमलेला असतो, तो बटण दाबतो आणि दरवाजे उघडतात. हेझलने नुसती दोरी धरून उभं राहायचं. तिला वाटलं, आता माझ्या हाताला कामच नाही म्हटल्यावर याला सुचेलच. आणि सुचलंही. दुसऱ्या दिवशी लांबच्या लांब सरळ कालवा लागला, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, वारा भणाणत होता, आणि नेव्हिल म्हणाला, "चालवतेस का थोडं?"

"नको, तुझं चालू दे," हेझल म्हणाली.

आता त्यांच्या यॉर्कशरमध्ये पहिल्यांदा विचारल्यावर कोणी हो म्हणतं का? घरी आलेल्या माणसाला केक विचारला तर तो नको म्हणतो, मग आपण म्हणायचं, अहो घ्या की, एवढासा तुकडा, मग तो म्हणतो, बरं, तुम्ही म्हणताय तर. नेव्हिल स्वतः शेजारच्या म्यूरिएलला तीन तीनदा आग्रह करायचा. म्हणून हेझलने नको म्हटलं, हात रुमालाला पुसले, उभी राहिली आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघायला लागली.

"बरं," नेव्हिल म्हणाला, आणि चालवत राहिला. पुढे सबंध सुट्टीभर चालवत राहिला.

त्याच सुट्टीत एका लॉकवर ते दुपारच्या जेवणाच्या वेळी पोचले आणि दरवाजे बंद. लॉकवाली बाई, ओदेत तिचं नाव, झाडाखाली टेबल मांडून जेवायला बसली होती आणि उठायची तिची अजिबात तयारी नव्हती. नेव्हिल दोरी हातात घेऊन काठावर येरझाऱ्या घालत होता. "हळू जायचं म्हणून आलोय हे मान्य, पण म्हणजे थांबायचं म्हणून नाही आलो," असं पुटपुटत होता. ओदेतने हेझलला बोलावलं, खुर्ची दिली, खरबुजाची फोड दिली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही कप्तान कधी?"

"माझं काही नाही," हेझल म्हणाली.

"हे उत्तर नाही झालं, मादाम."

रात्री जेवताना हेझलने हे नेव्हिलला गंमत म्हणून सांगितलं. गंमत कसली, आशा होती. पांढऱ्या घेवड्यातली बदकाची तंगडी सोलता सोलता नेव्हिल पोट धरून हसला. "या लोकांना दुसऱ्याच्या घरात फार नाक खुपसायला हवं," म्हणाला, आणि तिच्या ताटलीतला पाव उचलून त्याने आपला रस्सा पुसून घेतला. हेझलला त्या क्षणी तो पाव त्याच्या हातातून हिसकावून घ्यावासा वाटला. तिने त्याला आणखी एक दिला.

आणि आता सप्टेंबर, स्वतःच्या देशातला कालवा, ढगाळ आभाळ, आणि हाताला लोखंडी हँडलचे घट्टे. सकाळी ईस्ट मार्टनच्या पुलाशी ते थांबले असताना घर विकून देणाऱ्या माणसाचा फोन आला होता. ते तरुण जोडपं दुसरं घर बघायला निघालंय, म्हणाला, आज कळवा.

"मग काय, हो म्हणून टाकू ना?" नेव्हिलने फोनवर हात ठेवून विचारलं.

"गारग्रेव्हला पोचलो की सांगू."

"म्हणजे हो?"

"म्हणजे गारग्रेव्हला."

गारग्रेव्हच्या आधी बँक न्यूटनची उतरण. एकाखाली एक लॉक, डोंगराच्या कुशीतून वळत वळत खाली जाणारी. हेझल एक दरवाजा उघडायची, बोट गेली की लावायची आणि झपाझप चालत पुढच्याकडे जायची. नेव्हिल मागून तरंगत यायचा, मेंढ्यांकडे बघत, शीळ घालत. मधल्या एका लॉकवर खालून वर येणारी बोट भेटली. तिच्यावरही एक नवरा सुकाणूला टेकलेला आणि काठावर त्याची बायको, लाल रेनकोटवाली, घामाघूम. दोघींनी दोन बाजूंच्या दरवाजांना पाठ लावली.

"तुमचा कधी उतरतो का हो?" लाल रेनकोटवालीने विचारलं.

"बाथरूमला जायला."

"नशीबवान आहात. आमचा त्यालाही मला हाक मारतो. सुकाणू धर म्हणतो एक मिनिट, पण हलवू नकोस."

दोघी हसल्या. पण ती बोट वर निघून गेली आणि हेझल खालच्या वाटेला लागली तेव्हा तिला हसू राहिलं नाही. ती बाई तिच्याहून दहा वर्षांनी तरी मोठी होती. हेझलला स्वतःची पुढची दहा वर्षं त्या लाल रेनकोटात दिसली आणि तिला राग आला. उतरणीतल्या शेवटच्या लॉकच्या अलीकडे नेव्हिलने बोट काठाला घेतली, तशी ती वाटेवरच थांबली.

"नेव्हिल, हे लॉक तू कर. बोट मी आणते."

नेव्हिलने तिच्याकडे बघितलं, मग इंजिनाकडे बघितलं. "का? कंबर धरली का?"

"कंबर ठणठणीत आहे. मला चालवायचंय."

"कधीपासून?"

"पहिल्या सुट्टीपासून."

"मग बोलायचं की बाई. मी फ्रान्समध्ये विचारलं होतं, तूच नको म्हणालीस."

"एकदाच विचारलंस."

"मग किती वेळा विचारायचं असतं?"

"म्यूरिएलला केक किती वेळा विचारतोस?"

"अगं, तो केक असतो," नेव्हिल म्हणाला. त्याला खरंच काही कळलं नव्हतं. पण तो भांडणारा माणूस नव्हता. तो उतरला, हँडल घेतलं आणि तिला सूचना द्यायला लागला. डावीकडे जायचं तर सुकाणू उजवीकडे, फार वेग नको, भिंतीला घासू नकोस, रॉडनीने रंग नवा लावलाय. तो बोलतच होता, आणि हेझलने बोट काठापासून सोडवली.

बरं वाटलं तिला. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. इंजिनाची थरथर पायातून वर येत होती, लांबलचक बोट तिच्या नुसत्या कोपराच्या दाबाने वळत होती. टेकड्यांवर मेंढ्या होत्या, त्यांच्याकडे तिलाही आज बघायला मिळालं. काठावरून नेव्हिल "उजवीकडे, उजवीकडे" असं करत पळत होता, ते तिने कानाआड केलं. घर गेलं तरी चालेल, असं तिला त्या वळणावर खरोखर वाटलं. नीट दरवाजातून तिने बोट आत घेतली आणि कुठेही रंग खरवडला नाही. तिने वर बघितलं, नेव्हिलने बघितलं का म्हणून. तो मागचा दरवाजा लावत होता, धापा टाकत.

मग त्याने पुढच्या झडपा उघडल्या आणि पाणी उतरायला लागलं.

हौदाच्या आत हेझल कधी अशी एकटी गेली नव्हती. भिंती वर वर जायला लागल्या, काळ्या, शेवाळलेल्या, पाणी निथळणाऱ्या. मागच्या दरवाजाच्या फटींतून पाण्याच्या चिळकांड्या तिच्या पाठीवर उडत होत्या. आवाज इतका की स्वतःचाही ऐकू येईना. वर आभाळाचा एक तुकडा आणि दगडाची कड, बाकी काही नाही. तिने नेव्हिल दिसतोय का बघितलं. त्याच्या टोपीचा शेंडा दिसला. टोपी कोणाशी तरी बोलत होती. फिरायला आलेलं कोणी काठावर थांबलं असावं आणि कालवा कोणी बांधला, कधी बांधला हे नेव्हिल त्यांना समजावून सांगत असावा, कारण टोपी अगदी तशीच हलत होती.

त्या टोपीकडे बघता बघता बोट मागे सरकली.

मागच्या दरवाजाखाली पाण्यात दगडाचा उंबरा असतो. भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते, तिच्या मागे बोट जाऊ द्यायची नाही. गेली तर मागचं टोक उंबऱ्यावर बसतं, पाणी खाली जात राहतं, पुढचं टोक पाण्याबरोबर खाली जातं आणि बोट बुडते. हेझलच्या पायाखाली काहीतरी खरवडलं. ती उभी होती ते टोक जागच्या जागी राहिलं आणि समोर बोटीचं नाक खाली झुकायला लागलं. आत कपाटातली भांडी घरंगळली.

"नेव्हिल!" ती ओरडली. टोपी हलली नाही. तिने भोंगा दाबला, लांबलचक दाबून धरला. तेव्हा टोपीखालून नेव्हिलचा चेहरा कडेवर आला, तिला बघून खूश झाला, आणि त्याने हात हलवला. शाळेच्या सहलीच्या बसमधल्या पोराला करतात तसा टाटा केला आणि तो परत वळला.

हेझलने इंजिन होतं नव्हतं तेवढं पुढे रेटलं. बोट गुरगुरली, हलेना, परत गुरगुरली, आणि मग धाडकन उंबऱ्यावरून सुटून पाण्यात आदळली. हेझल गुडघ्यांवर पडली. आत रॉडनीच्या कपबश्यांचा चुरा झाला. सुकाणू मात्र तिने सोडलं नव्हतं. ती पांढऱ्या रेघेच्या पुढे बोट धरून उभी राहिली आणि पाणी तळाला जाईपर्यंत तिने रेघेवरून नजर हलवली नाही.

चूक तिचीच होती, हे तिला माहीत होतं. रेघ तिने बघायची होती. पण हीच चूक नेव्हिल तीस वर्षं दर सुट्टीत करत आला होता. रेघेमागे सरकायचा, गप्पा मारायचा, चहा प्यायचा, आणि दर वेळी वरून कोणीतरी म्हणायचं, "पुढे घे, नेव्हिल." तो म्हणायचा, "हो, हो, बघतोय." पाणी तळाला लागेपर्यंत हेझल कडेवरून कधी हलली नव्हती. पाऊस असो, गारा असो, कोणी गप्पा मारायला येवो. असं करायला तिला कोणी शिकवलंही नव्हतं.

दरवाजे उघडले. फिरायला आलेल्या माणसाने मदत केली, म्हणून पटकन उघडले.

"भोंगा काय वाजवत सुटली होतीस?" नेव्हिल वरून म्हणाला. "मी हात केला की."

"बोट उंबऱ्यावर बसली होती. कपबश्या फुटल्या."

"हो का? मग पुढे घ्यायची ना. पांढरी रेघ असते तिथे."

तिने बोट बाहेर काढली. पुढे काठाला लाकडी धक्का होता, तिथे थांबून माणसाला बोटीवर घ्यायचं असतं. नेव्हिल दरवाजे लावून, हँडल खांद्यावर टाकून धक्क्यावर येऊन उभा राहिला. बोट त्याच्यासमोरून संथपणे पुढे गेली.

"अगं, मी राहिलो."

"दिसतंय मला."

तो काठाच्या वाटेने चालायला लागला. कालव्यावरची बोट माणसाच्या चालीने जाते, त्याहून जोरात तिला जाता येत नाही, त्यामुळे नवऱ्याला टाकून जायचं ठरवलं तरी तो शेजारी चालतच राहतो. पाच हातांवर तो, मध्ये पाणी, आणि दोघं एकाच गतीने गारग्रेव्हकडे.

"रागावलीस का? कपबश्या देऊ आपण रॉडनीला नव्या."

"घर विकायचं नाही, नेव्हिल."

तो दोन पावलं अडखळला आणि परत बरोबरीला आला. "एकदा बोट आदळली म्हणून? अगं, पहिल्या वेळी होतं असं. सवय होईल तुला."

"मला नाही व्हायची. मी हाक मारली, भोंगा वाजवला. तू टाटा केलास."

"मला काय माहीत खाली काय चाललंय ते?"

"बघायचं असतं," हेझल म्हणाली. तिचा आवाज चिरकला, आणि तिने तो तसाच राहू दिला. "वर जो असतो त्याने बघायचं असतं."

वाटेत चिखल होता, तो नेव्हिलने चुकवला नाही. मग म्हणाला, "मी इतकी वर्षं खाली उभा राहिलो, हेझल. खरं सांगतो, मला कधी भीती वाटली नाही तिथे."

"नाहीच वाटणार. वर मी होते."

त्याने टोपी काढली, परत घातली. समोर गारग्रेव्हचं पहिलं लॉक दिसायला लागलं होतं, दरवाजे बंद असलेलं.

"रॉडनीला काय सांगू?" त्याने विचारलं.

"सांग, हेझल नाही म्हणाली."

"आणि मला घेतेस का आता वर?"

"नाही. जा पुढे, दरवाजा उघड," ती म्हणाली. "आणि पाणी उतरेपर्यंत कडेवर उभा राहा."